पडदा रुंद, खोली अरुंद

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की चार पावलांवर लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगायचं. मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड, केबल, कीबोर्ड, पंखे, जे म्हणाल ते इथे मिळतं. याच रस्त्यावर मिनर्व्हा टॉकीज होती. 15 ऑगस्ट 1975 ला तिथे ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं हलला नाही. 70 एमएमचा पडदा, सहा ट्रॅकचा आवाज. गंमत म्हणजे ‘शोले’चं शूटिंग झालं होतं 35 एमएमवर, त्यावरून फुगवून 70 एमएमच्या प्रिंट काढल्या होत्या.

आज त्याच रस्त्यावर लोक 34 इंची रुंद मॉनिटर विचारत येतात. एकाला रात्री गेम खेळायचे असतात, दुसऱ्याला घरच्या घरी थिएटरसारखा सिनेमा बघायचा असतो, बहुतेकांना दोन्ही. आणि जवळजवळ सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात: किती इंची? माझं ठाम म्हणणं आहे की हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न आकाराचा, म्हणजे रुंदी आणि उंचीच्या प्रमाणाचा. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या माणसाला तो समजायला काहीच अवघड नाही, कारण पडद्याचे सगळे आकार याच गल्ल्यांमध्ये एकामागून एक येऊन गेलेत.

चाराचा वर्ग, तिनाचा घन

दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ 18 मे 1912 ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवला गेला. पुढच्याच वर्षी, 3 मे 1913 ला, त्याच कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांचा स्टुडिओ होता दादरच्या बंगल्यात. 14 मार्च 1931 ला गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ने तोंड उघडलं. 1936 चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ सेंट्रल सिनेमात वर्षभराहून अधिक चालला. म्हणजे मूकपटापासून बोलपटापर्यंतचा प्रवास चर्नी रोड स्टेशनपासून पायी फिरून पाहता येईल एवढ्या टापूत झाला. त्या काळातल्या चित्राची चौकट होती 4:3 च्या आसपास: चार भाग रुंद, तीन भाग उंच. 1972 च्या 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा घरात आलेल्या डब्याचा आकारही तोच. जुने फुगीर काचेचे कॉम्प्युटर मॉनिटरही तसेच.

आता कॅल्क्युलेटर काढा. 4:3 ला 4:3 ने गुणा. येतं 16:9, म्हणजे आजचा टीव्ही, लॅपटॉप, आडवा धरलेला यूट्यूब. पुन्हा एकदा 4:3 ने गुणा. येतं 64:27, म्हणजे 2.37. दुकानात ज्याला ‘21:9’ म्हणून विकतात, त्या रुंद मॉनिटरचं खरं प्रमाण हेच! फाळक्यांच्या चौकटीचा वर्ग म्हणजे टीव्ही, आणि घन म्हणजे अल्ट्रावाइड. ‘21:9’ हा आकडा सोयीसाठी वापरात आला, 16:9 च्या शेजारी लिहायला सोपा म्हणून. 2560 × 1080 पिक्सेलचा पडदा 2.37 भरतो, 3440 × 1440 चा 2.39.

16:9 कुठून आलं, तीही कथा छान आहे. अमेरिकेतल्या केर्न्स पॉवर्स या अभियंत्याने 1984 मध्ये सिनेमाच्या सगळ्या प्रचलित चौकटींचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढले आणि एकावर एक ठेवले. सगळ्यांना बाहेरून सामावणारा आयत आणि सगळ्यांच्या आत मावणारा आयत, दोन्हींचं प्रमाण निघालं 1.77 च्या आसपास. सगळ्यात अरुंद आकार आणि सगळ्यात रुंद आकार यांच्यातली ती तडजोड. म्हणूनच 16:9 पडद्यावर जुना सिनेमा लावा, बाजूला काळं दिसतं. नवा भव्य सिनेमा लावा, वर-खाली काळं दिसतं. सगळ्यांना थोडं थोडं चालणारी चौकट आहे ती.

‘श्यामची आई’च्या वर्षी काय झालं?

1953. इकडे आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला. तिकडे सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरात ‘द रोब’ लागला, सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट. (रॉक्सी आपल्या ऑपेरा हाऊसलाही होतीच.) टीव्हीने प्रेक्षक पळवले म्हणून हॉलिवूडने पडदा ताणला. तंत्र मात्र फ्रान्सच्या आंरी क्रेतियाँ यांचं, कित्येक वर्षं आधीचं: कॅमेऱ्याच्या भिंगाने रुंद दृश्य दाबून साध्या 35 एमएम फिल्मवर बसवायचं आणि प्रोजेक्टरच्या भिंगाने पुन्हा उलगडायचं. प्रोजेक्टरला ते भिंग लावलं नाही तर पडद्यावरची सगळी माणसं उंच आणि किडकिडीत!

भारतात हे तंत्र पहिल्यांदा वापरलं गुरुदत्त यांनी, ‘कागज के फूल’मध्ये, 1959 साली. छायालेखक व्ही. के. मूर्ती. स्टुडिओच्या अंधारातून खाली येणारा तो उन्हाचा झोत त्यांनी मोठमोठे आरसे लावून आत आणला होता. पहिला भारतीय 70 एमएम चित्रपट ‘अराउंड द वर्ल्ड’, 1967, नायक राज कपूर. त्यानंतर आठ वर्षांनी मिनर्व्हात गब्बर आला.

‘कागज के फूल’ घरच्या जुन्या 4:3 टीव्हीवर पूर्ण रुंदीत लावला तर पडद्याचा सुमारे 43 टक्के भाग काळा राहतो. नाहीतर मग चित्राच्या दोन्ही कडा कापायच्या. मूर्तींनी जी मोकळी जागा माणसाच्या एकटेपणासाठी राखली, तीच कापली जाते. माझ्या मते रुंद मॉनिटर घेण्याचं सगळ्यात सुंदर कारण तो चित्रपट आहे. एकदा कडेपर्यंत भरलेला बघा.

34 म्हणजे 27

आता धक्का देणारी गोष्ट. 34 इंची अल्ट्रावाइड आणि 27 इंची साधा मॉनिटर शेजारी ठेवा. उंची सारखी! दोन्ही साधारण सव्वातेरा इंच. फरक फक्त रुंदीत: 27 इंची साडेतेवीस इंच रुंद, 34 इंची सव्वाएकतीस. 29 इंची अल्ट्रावाइडची उंची तर जेमतेम 23 इंची साध्या मॉनिटरएवढी. ‘27 पेक्षा 29 मोठा’ म्हणून घरी आणणाऱ्याला क्रिकेट लावल्यावर कळतं की चित्र लहान झालंय. इंच मोजतात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पडदा जितका लांबट, तितका तो आकडा फसवा.

पण सिनेमास्कोप लावा, हिशेब उलटतो. 27 इंचीवर 2.39 चा चित्रपट लावला की उंचीचा चौथा हिस्सा काळ्या पट्ट्यांत जातो. 34 इंचीवर तो कडेपर्यंत भरतो. चित्राचं क्षेत्रफळ पावणेदोन पट! 32 इंची साध्या मॉनिटरशी तुलना केली तरी सिनेमास्कोप चित्र 34 इंचीवर सव्वापट मोठं दिसतं. याउलट वानखेडेवरची मॅच 32 इंचीवर जवळपास दीडपट मोठी. म्हणून घरात शनिवार-रविवारी काय चालतं ते आधी आठवा. मॅच, बातम्या, मालिका आणि यूट्यूब जास्त असेल तर डोळे मिटून 32 इंची 16:9 घ्या आणि पैसे वाचवा. सिनेमे आणि गेम जास्त असतील तर 34.

‘शोले’चं काय? 70 एमएमचं प्रमाण 2.2. अल्ट्रावाइडवर रुंदीचा 92 टक्के भाग भरतो, दोन्ही कडांना बारीक काळी रेघ. ‘बेन-हर’ (1959) 2.76 चा, म्हणजे इतका रुंद की अल्ट्रावाइडवरही वर-खाली पट्ट्या येतात. आणि ‘संत तुकाराम’ किंवा इंटरनेटवर दिसणारे ‘राजा हरिश्चंद्र’चे तुकडे लावले तर 34 इंचीचा 44 टक्के भाग काळा. जुन्या प्रभातपटांच्या भक्ताने अल्ट्रावाइडच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी उंची हवी, रुंदी नको.

एक सवय मात्र कृपा करून सोडा: पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणणं. 16:9 चित्र 34 इंचीवर ओढून बसवलं की प्रत्येक माणूस 34 टक्के जाड होतो, तुकोबांपासून रोहित शर्मापर्यंत.

चारही बाजूंनी काळं

ओटीटीवर एक त्रास हमखास भेटतो. चित्रपट सिनेमास्कोप, मॉनिटर अल्ट्रावाइड, तरी चित्र मधोमध आणि चारही बाजूंना काळं. मॉनिटर बिघडलेला नसतो. ज्याने फाइल बनवली त्याने वर-खालच्या काळ्या पट्ट्या चित्रातच भाजून 16:9 फाइल केलेली असते. मॉनिटरला वाटतं हे 16:9 चित्र आहे, म्हणून तो बाजूच्या पट्ट्या स्वतः जोडतो. ब्राउझरमध्ये चित्र मोठं करणारी छोटी एक्स्टेन्शन मिळतात. ती लावली की चित्र पूर्ण भरतं. स्वतःकडची फाइल असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये इंग्रजी ‘सी’ची कळ दाबत राहा, प्रत्येक दाबासरशी कापणीचं वेगळं प्रमाण येतं.

अलीकडच्या कित्येक मालिका 2:1 प्रमाणात बनतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ त्यातलीच. 2:1 चा पुरस्कार इटलीचे छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो यांनी 1998 च्या सुमाराला केला होता, टीव्ही आणि थिएटर दोन्हीला चालावं म्हणून. अशी मालिका 34 इंचीवर रुंदीचा 84 टक्के भाग भरते. छान दिसते.

बंदूक, सह्याद्री आणि एक चाळ

गेमिंगमध्ये रुंद पडद्याचा फायदा वेगळाच. सिनेमा मोठा होतो; गेममध्ये जग वाढतं. 16:9 वर 90 अंशांचा कोन दिसत असेल तर चांगला बनवलेला गेम 21:9 वर सुमारे 107 अंश दाखवतो. डाव्या कोपऱ्यातून येणारी गाडी आधी दिसते, उजवीकडचा डोंगर आत येतो. 32:9 वर तर 127 अंश, फक्त कडांना चित्र ओढल्यासारखं वाटू लागतं.

‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा 2017 चा गेम घडतो आपल्या पश्चिम घाटात. त्यातल्या एका मोठ्या प्रकरणाचं नावच ‘द वेस्टर्न घाट्स’ आहे. जीपमधून चिखल तुडवत, धबधब्यांच्या बाजूने, पडक्या देवळांपर्यंत. कलाकृतीवर छाप होयसळ शिल्पांची. ऑक्टोबर 2022 मध्ये तो पीसीवर आला तो अल्ट्रावाइड सोयीसकट. डोंगररांग पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते तेव्हा माळशेजला गेलेल्या कुणालाही भरून येईल.

‘हिटमॅन 2’ (2018) मध्ये तर अख्खी एक कामगिरी मुंबईत आहे. दाटीवाटीची वस्ती, कपडे धुण्याची जागा, रेल्वे यार्ड, आणि मध्येच चाललेलं सिनेमाचं शूटिंग! कोपनहेगनमध्ये बसून बनवलेली मुंबई, पण गर्दीचा कोंडमारा बरोबर पकडलाय.

आता दुसरी बाजू, कारण हीच विकत घेतल्यावर कळते. ‘व्हॅलोरंट’ बाजूला जास्तीचं काही दिसू देत नाही; सगळ्यांना सारखी संधी म्हणून दृष्टीचा कोन कुलूपबंद. ‘एल्डन रिंग’ 2022 मध्ये आला तो 16:9 आणि 60 फ्रेमवर बांधलेला. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स दोन्ही 16:9 च देतात, म्हणजे कन्सोलवाल्याने अल्ट्रावाइड घेतला तर बाजूचा चौथा हिस्सा कायमचा काळा. दादरला कन्सोल आणि मॉनिटर एकाच दिवशी घेणाऱ्यांनी हे आधी ऐकावं. आणि ‘काउंटर-स्ट्राइक’चे कितीतरी व्यावसायिक खेळाडू आजही 4:3 वर खेळतात, चित्र ताणून, कारण शत्रू रुंद दिसतो आणि नेम धरायला सोपा जातो! स्पर्धेसाठीच खेळायचं असेल तर 24 किंवा 27 इंची वेगवान साधा मॉनिटर पुरे. कुठला गेम काय देतो ते पीसीगेमिंगविकीवर गेमच्या नावाने तपासता येतं. पाच मिनिटांचं काम.

ग्राफिक्स कार्डाचा विचार इथेच करायचा. 2560 × 1440 म्हणजे सुमारे 37 लाख पिक्सेल. 3440 × 1440 म्हणजे सुमारे 49.5 लाख. काम 34 टक्क्यांनी वाढलं. जिथे 100 फ्रेम मिळत होत्या तिथे ढोबळमानाने 75. 4के मात्र 83 लाख पिक्सेलचा. त्या मानाने अल्ट्रावाइड कार्डाला हलका. मधल्या ताकदीचं कार्ड असेल तर 34 इंची, 3440 × 1440 हा मला सगळ्यात समंजस टप्पा वाटतो. 34 इंचीमध्येच 2560 × 1080 चे स्वस्त मॉनिटर मिळतात, ते घेऊ नका. एका इंचात 82 च पिक्सेल. मराठी अक्षरांच्या वेलांट्या फाटलेल्या दिसतात. 3440 वाल्यात 110.

16, 24, 50, 144

मूकपट हाताने कॅमेरा फिरवून घेत, सेकंदाला साधारण 16 चित्रं. बोलपट आला आणि वेग 24 वर स्थिरावला, तो आजही तसाच. आपलं टीव्ही प्रसारण 50 च्या घरात, कारण आपल्या विजेची वारंवारिताही 50 हर्ट्झ. दोन्ही गोष्टी पूर्वी एकमेकींशी बांधलेल्या होत्या.

आता मॉनिटरवरचे आकडे बघा. 60 हर्ट्झमध्ये 24 बसत नाही. एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवावं लागतं, आणि कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा बारीक हिसके जाणवतात. 120 मध्ये 24 पाच वेळा बसतं. 144 मध्ये सहा वेळा. आणि 144 ला 16 नेही बरोबर नऊ वेळा भाग जातो, म्हणजे गिरगावातल्या मूकपटालाही तो मॉनिटर बिनहिसक्याचा. क्रिकेटच्या 50 साठी 100 हर्ट्झ उत्तम. 165 ला यातल्या कुठल्याच आकड्याने पूर्ण भाग जात नाही. गेममध्ये वेग वर-खाली होतो तिथे बदलत्या वेगाशी जुळवून घेणारी सोय हवी, फ्रीसिंक किंवा जीसिंक. ती असली की गेमपुरतं 144 आणि 165 मध्ये भांडायचं कारण उरत नाही.

काळा किती काळा

गणेशोत्सवात गल्लीत पांढरा कपडा बांधून 16 एमएमचा प्रोजेक्टर लावायचे, ते लालबाग-परळच्या आजच्या आजोबा लोकांना विचारा. समोर जागा नसली की पोरं पडद्यामागे बसायची आणि उलटा सिनेमा बघायची, नायक डावखुरा. कपड्याला बाजू नव्हती, कुठूनही दिसायचं. मॉनिटरला मात्र बाजू असते.

आयपीएस पॅनेल कडेने बघितलं तरी रंग टिकवतं. कॉटवर दोघं, खाली दोघं आणि दारात शेजारचे काका अशी मॅच बघायची सवय असेल तर आयपीएस. पण त्याचा काळा रंग राखाडीकडे झुकतो. कॉन्ट्रास्ट साधारण 1000:1. व्हीए पॅनेल 3000:1 च्या घरात. दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याला व्हीएचा काळा फार सुखावतो. त्याचा दोष वेगवान हालचालीत दिसतो, अंधाऱ्या दृश्यात मागे सावली ओढल्यासारखी राहते. ओलेडमध्ये काळा म्हणजे पिक्सेल बंदच. 2022 पासून 34 इंची ओलेड गेमिंग मॉनिटर बाजारात आहेत. देखणे, महाग, आणि एकच स्थिर चित्र तासन्तास ठेवलं तर छाप उमटायची भीती असलेले. दिवसभर ऑफिसची एक्सेल शीट आणि रात्री गेम असा दिनक्रम असेल तर मी व्हीए घेईन.

वाकलेला पडदा

मॉनिटरवर लिहिलेलं 1800आर म्हणजे काय? 1800 मिलीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तो तुकडा. 1500आर दीड मीटरचा, 1000आर एका मीटरचा; आकडा लहान तितकी वाक जास्त. वर्तुळाच्या केंद्रात बसलं की पडद्याचा प्रत्येक बिंदू डोळ्यापासून सारख्या अंतरावर येतो. कल्पना जुनी आहे: 1952 च्या सिनेरामात तीन प्रोजेक्टर मिळून 146 अंशांच्या खोलगट पडद्यावर चित्र टाकत. एकट्याने टेबलापाशी बसणाऱ्याला वाक आवडते. घरभर पसरून बघणाऱ्यांना आणि सरळ रेषा काढणाऱ्या आर्किटेक्टला सपाट बरा.

एकशे साठ चौरस फूट

1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींमधली खोली 160 चौरस फुटांची. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी, शिवडी. पुनर्विकास होतो तिथे त्या जागी 500 चौरस फुटांचं घर मिळतं. दोन्ही ठिकाणी 34 इंची बसतो. टेबलाची रुंदी तीन फूट हवी. 49 इंची 32:9 मॉनिटर म्हणजे दोन 27 इंची चिकटवून ठेवलेले. त्याची रुंदी जवळपास चार फूट, आणि टेबलावर दोन फुटांवरून बघितलं तर मान डावी-उजवीकडे फिरवावी लागते. विमान उडवणाऱ्या आणि गाड्या पळवणाऱ्या गेमवेड्यांनीच तो घ्यावा.

लहान खोलीचा मात्र एक मोठा फायदा आहे, आणि तो कुणी सांगत नाही. थिएटरच्या जाणकारांच्या हिशेबात पडदा किमान 30 अंशांचा कोन व्यापणारा असावा. थिएटरचा दर्जा ठरवणारी टीएचएक्स ही कंपनी 40 अंश सुचवते. 34 इंची मॉनिटर साडेतीन फुटांवरून 40 अंश व्यापतो आणि पाच फुटांवरून 30. दहा फुटी खोलीत टेबलापासून कॉटपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच असतं! मोठ्या हॉलमध्ये हाच मॉनिटर लहान वाटेल, चाळीच्या खोलीत तो बाल्कनीचं तिकीट देतो. टेबलापाशी बसून खेळायचं तर डोळ्यापासून 70 ते 80 सेंटीमीटर.

जागा वाचवायची तर हातासारखा स्टँड टेबलाच्या कडेला आवळतात. मॉनिटरच्या पाठीला 100 मिलीमीटर अंतरावर चार भोकं असली की झालं. लाकडी पार्टिशनवर जड वाकलेला मॉनिटर टांगू नका. गिरगावच्या जुन्या दगडी भिंतीवर टांगायला हरकत नाही, भोक पाडणारा माणूस मात्र धीराचा हवा. खोका साधारण तीन फूट लांब असतो. चाळीचा लाकडी जिना वळतो त्या चौकात टेप लावून बघा आणि मगच घरपोच सेवेची वेळ ठरवा.

दोन इंचांचा कर

1 जानेवारी 2019 पासून 32 इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर जीएसटी 18 टक्के होता आणि त्यावरच्यांवर 28. म्हणजे 34 इंचीला दोन इंचांपायी दहा टक्के जास्त. मूळ किंमत 30,000 धरली तर 3,000 रुपयांचा फरक. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळे मॉनिटर 18 टक्क्यांवर आले. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत ‘34 महाग पडतो, 32 घ्या’ असा सल्ला दिसला तर त्याची तारीख बघा. त्यातला कराचा भाग आता कालबाह्य आहे.

दुकानात उभं राहिल्यावर

पैसे देण्याआधी मॉनिटर चालू करून मागा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे सलग एकाच रंगाचे पडदे मोबाइलवरून किंवा पेनड्राइव्हवरून लावून बघा. पांढऱ्यावर मेलेला पिक्सेल दिसतो, काळ्यावर अडकलेला. काळ्या पडद्यावर कोपऱ्यातून उजेड गळतोय का तेही बघा, शक्य तर दुकानातला वरचा दिवा मिनिटभर बंद करायला सांगून. कितपत सदोष पिक्सेल असले की कंपनी बदलून देते ते वॉरंटीच्या कागदावर वाचा. खोका आणि थर्माकोल महिनाभर माळ्यावर जपून ठेवा.

पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक बघून निघा. हिंदमाता जंक्शनला पाणी भरतं हे बातम्यांमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण त्या चौकाला ते नाव तिथल्या हिंदमाता टॉकीजमुळे पडलं. ग्रँट रोडहून परळ-लालबागकडे टॅक्सीने येताना खोका डिकीत आडवा न ठेवता मागच्या सीटवर उभा ठेवा, पडद्याची बाजू सीटच्या पाठीकडे.

शेवटचं काम केबलचं. 3440 × 1440 ला एचडीएमआय 2.0 ची जुनी केबल साधारण 100 हर्ट्झपर्यंत नेते. 144 हवे तर डिस्प्लेपोर्ट 1.4 लावा. सोबत आलेली केबल लावली, चित्र आलं, म्हणजे झालं असं नाही. विंडोज कित्येकदा नवा मॉनिटर 60 हर्ट्झवरच सुरू करतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा स्वतः 144 वर न्या, आणि मग माउसचा बाण पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून बघा. फरक तिथेच दिसतो.